पासंग

सीटशेजारी, तळाच्या पत्र्यात, दोन बोल्ट
आणि त्यांवर शिशाची चीप, पंचवीस पौंडांची.
शुक्रवारी रात्री ऑर्ला स्टेन्स्रुड ती बसवते
किंवा काढते,
रविवारी कुणाच्या झेंड्याखाली धावायचंय ते बघून.
मी टॉर्च धरतो. शेजारी म्हणून तेवढंच येतं मला.

गाडी तीच. दोन सीटची, टप नसलेली, मुलापेक्षा जुनी.
सगळ्यांची सारखी, हीच तर या खेळातली गंमत:
पैशाने नाही, हाताने जिंकायचं.
पण सारखी म्हणजे किती सारखी
याची विस्कॉन्सिनच्या या टोकाला दोन पुस्तकं आहेत.
तळ्याकाठचा क्लब म्हणतो चोवीसशे, चालकासकट.
प्रेअरी क्लब म्हणतो चोवीसशे पंचवीस.
मधल्या सव्वाशे मैलांत, मक्याच्या शेतांतून जाताना,
कुठेतरी गाडी जाड होते.

टायरचंही तेच. इकडे एका कंपनीचे, तिकडे दुसऱ्या.
गॅरेजमध्ये दोन चळती,
एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या सवतींसारख्या.

गेल्या मेमध्ये ती प्रेअरीत पहिली आली.
चीप बसवलेली होती. टॉर्च माझ्याच हातात होता.
काट्यावर नऊ पौंड कमी.
व्हर्नन झेजिकने पेनाला टोपण लावलं.
"पेट्रोल जळलं असेल, ऑर्ला. पुस्तक म्हणजे पुस्तक."
याच माणसाने एकदा सख्ख्या भाच्याला
दोन पौंडांसाठी घरी पाठवलं होतं.
बहिणीचं नाताळचं कार्ड अजून येतं.
फोन येत नाही.

बैठक फेब्रुवारीत,
बोलिंग अ‍ॅलीच्या मागच्या खोलीत. बाहेर उणे अठरा.
अकरा माणसं, दोन पुस्तकं, तळलेल्या चीजची एक परात.
भिंतीपलीकडे पिना कोसळल्या की सगळे थांबायचे,
मग कुणाचं वाक्य राहिलं होतं ते आठवायचं.

"आमच्याकडची माणसं अंगाने भरलेली," लॉइड ब्रेकी म्हणाला,
"पंचवीस पौंड उतरवायचे तर अर्ध्या क्लबाला उपास."
"आमच्याकडे पोरं येतात, काडीसारखी.
त्यांनी काय शिसं विकत घ्यायचं?"
कुणी म्हणालं, पंचवीस म्हणजे
चोवीसशेच्या पासंगालाही पुरत नाही.
कुणी म्हणालं, मग तुम्हीच सोडा.

साडेदहाला ऑर्ला उठली,
बाहेर जाऊन आली, भुवयांवर बर्फ,
आणि चीप टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आदळली.
"हिला तोला."

काटे दोन्ही क्लबांचे ट्रकमध्येच होते.
चार चाकांखालचे चार पाट, दोन संच,
बोलिंगच्या बुटांच्या रॅकसमोर मांडले.
तळ्याच्या चारही पाटांवर पंचवीस.
प्रेअरीच्या पहिल्यावर पंचवीस. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर.
चौथ्यावर सोळा.

ऑर्ला काहीच बोलली नाही.
मला वाटलं होतं ओरडेल.
पासंग काट्यातच होता.

व्हर्ननने चीप उचलली, पुन्हा ठेवली.
सोळा.
पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
"हा काटा आपण कधी घेतला, लॉइड?"
लॉइडने वर्ष सांगितलं.
खोलीत कुणीही भाच्याचं नाव घेतलं नाही.
पलीकडे दहाच्या दहा पिना पडल्या,
कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मध्यरात्री वजन ठरलं: चोवीसशे पंधरा,
काटा चीज फॅक्टरीचा, सरकारी शिक्क्याचा.
टायर राहिले. टायर पुढच्या फेब्रुवारीत.
पुस्तकं अजून दोनच, पण एका पानावर
आता एकच आकडा, दोन वेगळ्या टाइपांत.

आम्ही निघालो तेव्हा व्हर्ननची गाडी उभीच होती,
इंजिन चालू, काचा आतून धुरकटलेल्या.
कानाशी हात होता त्याचा.
बोलत होता की नुसती रिंग ऐकत होता,
दिसलं नाही.

एप्रिलमध्ये ऑर्लाने चीप करवतीने कापली.
शिसं मऊ असतं, करवत अडखळत नाही, पण चिकटते.
दहा पौंडांचा उरलेला तुकडा माझ्याकडे आहे.
गॅरेजचं दार वाऱ्याने मिटतं, म्हणून लावतो.
शुक्रवारी रात्री अजूनही टॉर्च घेऊन जातो.
काढायला काही नसतं.
ती एकदा बोल्ट हलवून बघते, आणि आम्ही बसतो.